बिनगाजराचा केक

बाहेर खाण्याच्या बाबतीत माणसांचे दोन वर्ग पडतात. एक खाणाऱ्यांचा आणि दुसरा खाल्लेल्यावर बोलणाऱ्यांचा. पहिला वर्ग पोट भरलं की उठतो. दुसरा तिथून पुढे सुरू होतो. आमच्या बँकेत या दुसऱ्या वर्गातले एक गृहस्थ आहेत. त्यांच्यापुढे कुठल्याही पदार्थाचं नाव काढा, ते आधी डोळे मिटतात, मग सावकाश उघडतात आणि विचारतात, "पण अस्सल मिळतं का तिथं?" मिसळ म्हटली की "अस्सल कोल्हापुरात," बिर्याणी म्हटली की "अस्सल हैदराबादेत." त्यांच्याबरोबर चहा घेणं ही एक शोकसभाच असते. समोर कॅन्टीनचा चहा गार होत असतो आणि भाषण कुठल्या तरी बंद पडलेल्या इराण्याच्या चहावर चाललेलं असतं.

मी पहिल्या वर्गातला. आमच्या वडिलांचं एस.टी. स्टँडसमोर भज्यांचं दुकान होतं. त्यामुळे खाण्याकडे बघायची माझी दृष्टी कढईच्या पलीकडची. गाडी सुटायच्या आत गरम भजी गिऱ्हाइकाच्या हातात पडली पाहिजेत, एवढंच समीक्षाशास्त्र आमच्या घरात होतं. पण मेहुण्यानं आग्रह करकरून आम्हाला आठ दिवस सिंगापूरला नेलं आणि माझा वर्ग बदलला. तेव्हा पुढचं लेखन ही खाद्यसमीक्षा आहे, असं समजून वाचकांनी सांभाळून घ्यावं.

निघताना त्या गृहस्थांनी बजावलंच होतं, "जाताय तर जा. पण तिथं अस्सल असं काही नाही. चिनी खायचं तर चीनमध्ये, मलायी खायचं तर मलायात. सिंगापूर म्हणजे सगळी सरमिसळ." हे वाक्य मी विमानात डब्यातल्या गूळपोळीबरोबर जपून नेलं.

सिंगापूरात लोक जिथं जेवतात त्याला हॉकर सेंटर म्हणतात. मोठं छप्पर, वर गरगरणारे पंखे, मधे टेबलं आणि चारी बाजूंनी आपल्या भाजी मंडईतल्या गाळ्यांएवढे गाळे. असली सेंटरं शंभराहून जास्त आहेत. पूर्वी हे सगळे विक्रेते रस्त्यावर, गटाराच्या कडेला गाड्या लावून उभे असत. सरकारनं १९६८-६९ मध्ये त्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना हळूहळू या छपरांखाली आणून बसवलं. नळ दिला, गटार दिलं. म्हणजे फेरीवाल्याला हाकलला नाही, त्याला पत्ता दिला. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं या सगळ्या खाद्यसंस्कृतीला मानवजातीच्या वारशाच्या यादीत बसवलं. आमच्या गावात फेरीवाल्यांच्या यादीत नाव यायलासुद्धा वशिला लागतो.

आत शिरल्याबरोबर सौ.नी एक रिकामं टेबल हेरलं. जवळ जाऊन बघतो तो टेबलावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट. "कुणाचं तरी विसरलंय वाटतं," असं म्हणून मी ते उचलणार, तोच मेहुणा ओरडला, "भावोजी, ठेवा! जागा धरलीय!" तिथं पाकीट ठेवून माणूस निर्धास्त रांगेत जाऊन उभा राहतो आणि त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. माझा ऊर भरून आला. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपली थोर परंपरा सातासमुद्रापार सुखरूप नांदत होती. फरक इतकाच, की आपल्याकडे रुमालावर भांडण होतं आणि कधी कधी रुमालही जातो.

आता पदार्थांकडे वळू. पहिला मान तिथल्या हैनानी चिकन राइसचा. ताटली समोर आली तेव्हा मी चरकलो. पांढरा भात, त्यावर पांढुरके, निस्तेज कोंबडीचे तुकडे, बाजूला काकडी. टायफॉइड उतरल्यावर देतात तसलं जेवण. चव घेतली आणि गप्प झालो. कोंबडी बेतानं शिजवून थंड पाण्यात घालतात, म्हणून कातडी घट्ट आणि मांस मऊ राहतं. आणि भात त्याच कोंबडीच्या चरबीत आलं-लसूण परतून तिच्याच पाण्यात शिजवतात. म्हणजे कोंबडी दिसते ताटात, पण असते भातात. आपल्याकडे मसाला कोंबडीला झाकतो. इथं सगळा कारभार उघडा. नापास व्हायचं तर लपायला जागा नाही.

दुसरा पदार्थ लाक्सा. नारळाच्या दुधातली तिखट, तांबूस आमटी, त्यात तांदळाच्या शेवया आणि कोळंबी. कोकणातल्या माणसानं डोळे मिटून खाल्ली तर तो आधी घोटाळेल आणि मग वाटी पुढे करील. तिसरा रोजाक. याची एक जात आहे 'इंडियन रोजाक'. नाना प्रकारची भजी, बटाटा, अंडं, टोफू असं आपण बोटानं दाखवायचं. ते पुन्हा तळून, तुकडे करून, लालभडक आंबटगोड रसाबरोबर देतात. मी गाळ्यातल्या तमिळ मुसलमान चाचांना कौतुकानं विचारलं, "हे हिंदुस्थानात कुठं मिळतं?" ते म्हणाले, "कुठंच नाही."

पेयांबद्दल एक वेगळा अध्याय लिहावा लागेल. तिथं कॉफीला 'कोपी' म्हणतात. नुसती कोपी म्हणजे आटवलेल्या गोड दुधाची. 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची पण साखरेची. 'कोपी ओ कोसोंग' म्हणजे दूध नाही आणि साखरही नाही. 'कोपी सी' म्हणजे आटवलेलं बिनगोड दूध आणि साखर. आणि 'सिउ दाइ' म्हटलं की गोड कमी. एवढे नियम आमच्या बँकेच्या पेन्शन खात्यालासुद्धा नाहीत. आठव्या दिवशी मी रुबाबात म्हटलं, "कोपी सी सिउ दाइ!" आणि माणसानं न हसता आणून दिली. बढतीची परीक्षा पास झालो तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

आता मुख्य घटना. गुरुवार होता. सौ.ना गुरुवारी काही चालत नाही. केक मात्र चालतो, कारण केकमधलं अंडं दिसत नाही. एका गाळ्यावर 'कॅरट केक' अशी पाटी बघून त्या म्हणाल्या, "अहो, मला हा घ्या. गाजराचा केक. तेवढंच गोड." मी रांगेत उभा राहून आणला. ताटलीत होता काळपट, चिकट, तळलेला चौकोनी तुकड्यांचा ढीग, वर लसूण, वर तिखट; आणि त्याला सगळीकडून बिलगलेलं, अगदी ठळक दिसणारं अंडं. गाजर नाही, केक तर नाहीच. मेहुण्यानं खुलासा केला, की हा मुळ्याचा पदार्थ. मुळा किसून, तांदळाच्या पिठात घालून वाफवायचा, मग तुकडे करून अंड्याबरोबर परतायचा. मुळ्याचा चिनी शब्द गाजरालाही चालतो, म्हणून इंग्रजीत केक गाजराचा झाला. सौ. म्हणाल्या, "यापेक्षा आमच्या वरदचतुर्थीच्या उकडीला पिझ्झा म्हटलं असतं तरी चाललं असतं." गुरुवार माझ्या वाट्याला आला. मी संपवला आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार नसतानाही पुन्हा तिथंच गेलो.

इथं मला आमच्या गृहस्थांची आठवण आली. मी मनात 'अस्सल'चा ताळेबंद मांडायला बसलो. चिकन राइस हैनान बेटावरून आलेल्या स्थलांतरितांनी आणला, पण सिंगापूरला येऊन त्याचं जे झालं ते इथलंच. इंडियन रोजाक इंडियात नाही. माशाच्या डोक्याची करी तर नमुनेदार: केरळमधून आलेल्या एम. जे. गोमेझ यांनी १९४९ मध्ये ती इथं केली, कारण चिनी गिऱ्हाइकांना माशाचं डोकं आवडतं हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे मसाला आमचा, डोकं त्यांचं. आणि आपण तरी काय करतो? ज्या मंचूरियनवर आपली एक पिढी पोसली, त्याचं श्रेय १९७५ च्या मुंबईतल्या नेल्सन वाँग यांना देतात. मंचूरियाला त्याची वार्ता नाही.

तात्पर्य, रस्त्यावरचं खाणं कधी अस्सल नसतंच. घर सोडून आलेल्या माणसानं, घर सोडून आलेल्या दुसऱ्या माणसासाठी, हाताला लागेल त्या सामानातून आठवणीनं केलेलं ते असतं. त्याला 'अस्सल आहे का' असं विचारणं म्हणजे मनीऑर्डरवर अक्षर वळणदार आहे का ते बघण्यासारखं आहे. पैसे पोचले की नाही, ते बघावं.

मग परीक्षा करायची कशावर? टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीनं १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली. हेतू उघड होता. लोकांनी लांब लांब जेवायला जावं आणि टायर झिजवावेत. १९२६ पासून ती हॉटेलांना तारे देऊ लागली. (आमचे टायर कमरेला असतात आणि ते झिजत नाहीत.) २०१६ मध्ये सिंगापूरातल्या दोन हॉकर गाळ्यांना एकेक तारा मिळाला. त्यातल्या चान होन मेंग यांचा सोया सॉसमधल्या कोंबडीचा भात तेव्हा दोन डॉलरला मिळत होता. साऱ्या जगात बोलबाला झाला, रांगा वाढल्या, शाखा निघाल्या. २०२१ मध्ये तो तारा गेला. पण तारा नसताना ज्या कामगारानं तिथं दुपारचं जेवण घेतलं असेल, त्याला त्याचं पोट भरण्याशी मतलब होता. आजही साधारण चार ते सहा डॉलरमध्ये तिथं एक ताट मिळतं. मी प्रत्येक घासाला पासष्टनं गुणत होतो, तो भाग वेगळा. पण शेजारच्या टेबलावर टायवाला साहेब आणि विटा वाहून आलेला मजूर एकच ताटली खात होते, हे मी डोळ्यांनी बघितलं. माझ्या मते तारा द्यायचा तर याला.

आणि गुण द्यायचे ते एकाग्रतेला. आपल्याकडच्या हॉटेलात पाटीवर पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन, पावभाजी, पिझ्झा आणि उपासाचे पदार्थ हे सगळं एकत्र नांदतं, आणि चव घेतली की कळतं, रस्सा सगळ्यांना एकच. तिथं एक गाळा, एक पदार्थ, चाळीस वर्षं.

माझा बिनगाजराचा केकवाला तसाच होता. वय सत्तरीच्या घरात, अंगात बनियन, खांद्यावर पंचा. हातातलं उलथनं तव्यावर टणाटणा वाजत होतं. शेवटच्या दिवशी गर्दी नव्हती. त्यानं तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, मी काय करतो. म्हटलं, बँकेत कारकून आहे. त्याचा चेहरा एकदम उजळला. "माझा मुलगापण बँकेत!" तो म्हणाला. "एअरकंडिशन. शनिवार-रविवार सुट्टी." मी विचारलं, मग हा गाळा पुढे कोण बघणार? त्यानं उलथनं हवेत हलवलं. "कुणी नाही. फिनिश." आणि हसला. दुःखानं नव्हे, अभिमानानं. मुलाला तव्यापुढे उभं राहावं लागलं नाही, हीच त्याची कमाई होती.

मला हसू आलं नाही. मेहुणा म्हणाला, "इथं हीच तक्रार आहे भावोजी. हॉकरांचं सरासरी वय साठीच्या आसपास आहे; तरुण मुलं पहाटे चारला उठायला तयार नाहीत." तो आकडे सांगत होता आणि मला एस.टी. स्टँड दिसत होता. आमचे वडीलही गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "पोरगा बी.कॉम. झाला, बँकेत लागला." तेव्हाही त्यांच्या हातात झारा असायचा. ते पीठ मुठीनं मोजत आणि मीठ चिमटीनं. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायचं तर मला शिकवून काय उपयोग होता? आज त्या दुकानाच्या जागी झेरॉक्स आहे. मला दिवसाचा बॅलन्स पैशापर्यंत जुळवता येतो, पीठ भिजवता येत नाही. युनेस्कोच्या यादीत नाव चढवता येतं. यादीतला माणूस उद्या सकाळी तवा तापवील की नाही, ते यादीला ठाऊक नसतं.

खाऊन झाल्यावर मी माझी ताटली उचलून ठरलेल्या जागी नेऊन ठेवली. २०२१ पासून तिथं तसा नियमच आहे. आधी ताकीद, मग दंड. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण आपलं ताट आपण उचलताना सौ.नी मला प्रथमच पाहिलं. "घरी पण दंड लावते," त्या म्हणाल्या.

परतल्यावर बँकेत त्या गृहस्थांनी डोळे मिटून, उघडून विचारलंच, "काय, अस्सल मिळालं का काही?" मी म्हटलं, "नाही हो. सगळं उत्तम होतं." ते जरा गोंधळले.

पुढच्या रविवारी मी कांदाभजी करायला घेतली. पहिला घाणा पाण्यात गेला, दुसरा पिठात. तिसरा जरा जमला. धाकट्यानं एक उचलून विचारलं, "बाबा, आजोबांची अशीच असायची?"

"नाही रे," मी म्हटलं. "गरम आहेत तोवर खा."