फुकटचा पास कुणाला पावला?

थीम पार्कचे चाहते ही एक वेगळीच जमात आहे. अमेरिकेतल्या या मंडळींनी गेल्या काही वर्षांत पॉडकास्टवर आणि यूट्यूबवर जे उभं केलंय, त्याला नुसता छंद म्हणवत नाही. ‘पॉडकास्ट: द राइड’ चालवणारे तीन विनोदी लेखक २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिटीवॉकवर बोलायला बसले. युनिव्हर्सल स्टुडिओच्या दाराशी १९९३ साली उघडलेली ही खाण्या-खरेदीची गल्ली. एकेक दुकान, एकेक हॉटेल, एपिसोडमागून एपिसोड. डोनटच्या दुकानाची चिकित्सा एखाद्या शिलालेखासारखी करायची आणि त्या अतिरेकातूनच हसू काढायचं, ही त्यांची तऱ्हा. त्या थट्टेखाली अभ्यास पक्का असतो, हे दोन-तीन भाग ऐकले की कळतं.

पण मला लिहायचंय ते याच कुळातल्या, स्वभावाने मात्र उलट्या असलेल्या एका कामाबद्दल. केव्हिन पर्ज्युरर २०१७ पासून यूट्यूबवर ‘डिफंक्टलँड’ ही मालिका करतो आहे. मूळ विषय बंद पडलेल्या राइड्स आणि बंद पडलेली पार्कं. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने डिस्नेच्या फास्टपासवर एक माहितीपट प्रसिद्ध केला. लांबी पावणेदोन तासांच्या आसपास. पावणेदोन तास कशावर? रांगेवर. राइड नाही, किल्ला नाही, उंदीरमामाही नावापुरताच. त्या सगळ्याच्या अलीकडे माणसं जिथे ताटकळतात, तेवढ्याच जागेवर.

आधी हा फास्टपास काय होता, ते सांगायला हवं. १९९९ मध्ये डिस्नेच्या फ्लोरिडातल्या ॲनिमल किंगडम पार्कमध्ये तो सुरू झाला. राइडजवळच्या यंत्रात आपलं प्रवेशतिकीट घालायचं. यंत्र एक चिठ्ठी देणार, तिच्यावर तासाभराची वेळ छापलेली. त्या वेळात परत या आणि बाजूच्या छोट्या रांगेतून जवळजवळ थेट आत जा. मधल्या वेळात हिंडा, खा, आणि अर्थातच खरेदी करा. पैसे वेगळे नाहीत. ऐकायला इतकं सरळ की ही युक्ती १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडल्यापासून कुणालाच का सुचली नाही, असं वाटावं.

पर्ज्युररची पहिली खुबी ही, की तो हे ‘सरळ’ लगेच मोडत नाही. आवाज सपाट, जवळजवळ सरकारी. विनोद येतो तो ओठ न हलवता. पायरी पायरीने तो रांगेचा इतिहास सांगत राहतो आणि आपण ऐकत राहतो. सुरुवातीचा काही भाग तर नुसता कानांनी, स्वयंपाक करताना ऐकला तरी चालेल. तो रेंगाळतो, हेही कबूल करायला हवं. पण ते रेंगाळणं फुकट जात नाही, कारण त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसते: राइडची ताशी क्षमता ठरलेली असते. डिस्नेच्या पीटर पॅन राइडच्या उडत्या जहाजांतून तासाला हजाराच्या आगेमागे माणसं जातात, ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या होड्यांतून त्याहून कितीतरी जास्त. यंत्रातून चिठ्ठी निघाली म्हणून होडी एकही वाढत नाही.

मग पास घेतलेला माणूस कुठे गेला? तो रांगेतून कमी झाला नाही, फक्त दिसेनासा झाला. समजा तासाला हजार जागा आहेत आणि त्यातल्या सातशे चिठ्ठीवाल्यांना दिल्या, तर समोर प्रत्यक्ष उभ्या असलेल्यांना तीनशेच उरतात. देवळातल्या दर्शनबारीत पासवाल्यांसाठी बाजूचं दार उघडलं की मागची रांग का थबकते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शिवाय चिठ्ठीवाला मधला वेळ बाकावर थोडाच बसून काढतो? तो दुसऱ्या राइडच्या रांगेत जाऊन उभा राहतो. म्हणजे एक माणूस एकाच वेळी दोन रांगांत. पायरेट्ससारख्या, भराभर माणसं गिळणाऱ्या राइडपुढेही मग गर्दी साचू लागते.

इथपर्यंतचा तर्क कागद-पेन्सिलीने कुणीही मांडला असता, आणि चाहत्यांमध्ये तो वाद वर्षानुवर्षं चाललेलाही होता. पर्ज्युरर इथे थांबत नाही, म्हणून हे काम मला मोठं वाटतं. डिस्नेचे आतले आकडे बाहेरच्याला मिळणार नाहीत, हे उघड आहे. तेव्हा त्याने संगणकावर एक खोटं पार्कच चालवलं. त्याचं नाव शेपलँड. त्यात पाहुणे सोडले, त्यांना स्वभाव दिले: कुणी राइडवेडा, कुणी मधोमध, कुणी नुसता फिरायला आलेला. तेच पार्क, तशीच गर्दी. एकदा पास नसताना दिवस चालवायचा, एकदा पास देऊन.

शेपलँड पडद्यावर येतं तेव्हा माहितीपटाची भाषाच बदलते. रंगीत, साधे भौमितिक आकार इकडून तिकडे सरकतात, साठतात, विरळ होतात. माणसांचे चेहरे काढून टाकण्याचा हा निर्णय मला फार मार्मिक वाटतो. रडणारं पोर, घामेजलेला बाप दाखवला असता तर आपण त्यांची बाजू घेऊन मोकळे झालो असतो. आकाराची बाजू घेता येत नाही. तो कुठे थांबला आणि किती वेळ थांबला, एवढंच बघावं लागतं. डिस्नेचं औद्योगिक अभियांत्रिकी खातं पार्ककडे ज्या नजरेने बघतं, ती नजर पर्ज्युरर आपल्याला काही वेळ उसनी देतो. इथे मात्र स्वयंपाक बाजूला ठेवून बघावंच लागतं.

आणि त्या आकारांतून जे बाहेर येतं ते सरासरीत दिसत नाही, वाटणीत दिसतं. साध्या रांगा लांबतात. पासाचा खेळ ज्यांना नीट खेळता येतो त्यांच्या राइड्स वाढतात. ज्यांना येत नाही ते या खेळणाऱ्यांच्या वाट्याचं थांबणंही थांबतात.

आता हे कुणाला ऐकवलं जात होतं, ते बघा. करोनामुळे मार्च २०२० मध्ये पार्कं बंद झाली, उघडली तेव्हा फास्टपास परत आलाच नाही. त्याच्या जागी ऑक्टोबर २०२१ मध्ये जिनी प्लस आलं: फ्लोरिडात दर माणशी, दर दिवशी १५ डॉलर, आणि काही बड्या राइड्सचे पैसे आणखी वेगळे. चाहते खवळले होते. फुकटचं गेलं, कंपनीने खिशात हात घातला, पूर्वीचं राज्य काय सोन्याचं होतं! पुढच्याच महिन्यात हा माहितीपट आला. संतापाला शब्द देणारा वीस मिनिटांचा व्हिडिओ केला असता तर टाळ्या हमखास होत्या. पर्ज्युररने त्याऐवजी त्या सोन्याच्या राज्याचेच हिशेब मांडले. फुकटचा पास पावला कुणाला? पहाटे दाराशी उभं राहणाऱ्याला, यंत्रांच्या वेळा पाठ असणाऱ्याला, घरातल्या सगळ्यांची तिकिटं गोळा करून एकालाच चिठ्ठ्या आणायला पिटाळणाऱ्याला. म्हणजे चाहत्यालाच. आयुष्यात एकदाच आलेलं, काही माहीत नसलेलं कुटुंब त्याचं मोल उन्हात उभं राहून देत होतं. संशोधन स्वतःच्याच गोटावर उलटू देणं चाहत्याच्या कामात क्वचित दिसतं. तेही आवाज न चढवता, कुणाला दोषी न ठरवता.

कागदी चिठ्ठी आणि जिनी प्लस यांच्या मधला टप्पा, म्हणजे फास्टपास प्लस, हा याच कथेचा विनोदी अंक म्हणायला हवा. २०१३-१४ च्या सुमारास मनगटी पट्टे आले, ॲप आलं, सगळ्या यंत्रणेवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाल्याचं सांगितलं गेलं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्याला ६० दिवस आधी, इतरांना ३० दिवस आधी आरक्षण. प्रत्येकाला तीन पास द्यायचे म्हटल्यावर ते पुरवायचे कुठून? म्हणून जिथे पूर्वी रांगच नसायची तिथेही पास ठेवला गेला, आणि मग तिथेही रांग लागली. सुट्टीतल्या मंगळवारी दुपारी सव्वातीनला आपल्याला कोणत्या होडीत बसायचंय, हे दोन महिने आधी ठरवणारी माणसं या जगात तयार झाली.

माझी तक्रार एकच आहे. जिथे दोन रांगा एकत्र येतात त्या तोंडाशी एक कर्मचारी उभा असतो. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं हे त्याच्या हाताने घडतं आणि बोलणीही त्यालाच खावी लागतात. त्याच्याजवळ कॅमेरा आणखी थांबायला हवा होता. शेपलँडच्या आकारांना बोलणी ऐकावी लागत नाहीत.

बघून झाल्यावर मला जुनी तिकीट-पुस्तकं आठवत राहिली. डिस्नेलँडमध्ये १९५५ ते १९८२ या काळात राइडगणिक तिकीट फाडून द्यावं लागे. साध्या राइडला ‘ए’, आणि १९५९ नंतर सगळ्यात भारीला ‘ई’. मग एकच सरसकट तिकीट आलं आणि सगळ्यांना सगळं मोकळं झालं. साहजिकच जो तो ‘ई’वाल्या राइडकडे धावणार. जिनी प्लसबरोबर एकेका राइडचे वेगळे पैसे घेणं परत आलं, फरक इतकाच की या वेळी ते प्रवेशतिकिटाच्या वर. २०२४ मध्ये तर डिस्नेने प्रीमियर पास काढला: आरक्षण नाही, वेळ नाही, ठरलेल्या सगळ्या राइड्सना एकेकदा हवं तेव्हा बाजूच्या रांगेने जायचं. फ्लोरिडातल्याच मॅजिक किंगडम पार्कमध्ये गर्दीच्या दिवशी त्याची किंमत माणशी ४४९ डॉलरपर्यंत लावली गेली. ज्याला यंत्रांच्या वेळा पाठ करायच्या नाहीत, पहाटे उठायचं नाही, फक्त पैसे मोजायचे आहेत, असा हा पाहुणा. पर्ज्युररने शेपलँडमध्ये हा नवा आकार सोडून आणखी एक दिवस चालवून बघावा.