पावणेदोन भागिले अर्धा

सुरुवातीलाच एक गणित घालतो. पावणेदोन भागिले अर्धा. उत्तर साडेतीन, ते तुम्ही काढालच. मला हवा आहे रोजच्या व्यवहारातला असा एक प्रसंग, की जिथे हाच भागाकार करावा लागेल. करा विचार. 'पावणेदोन किलो साखर दोघांत वाटली' असं कुणाच्या मनात आलं असेल, तर ते भागिले दोन झालं. (हशा)

लिपिंग मा यांनी हाच प्रश्न २३ अमेरिकी आणि ७२ चिनी शिक्षकांना विचारला. 'नोइंग अँड टीचिंग एलिमेंटरी मॅथेमॅटिक्स' हे त्यांचं पुस्तक १९९९चं. अमेरिकेतल्या २१ जणांनी हिशेब करून पाहिला, ९ जणांचं उत्तर पूर्ण बरोबर आलं. योग्य अर्थाचा प्रसंग एकालाच सुचला. चीनमध्ये सगळ्यांचं उत्तर बरोबर, आणि ६५ जणांनी प्रसंगही नीट रचले.

आपल्याकडे या पुस्तकाचं नाव निघतं ते बहुधा 'शिक्षकांनाच गणित येत नाही' एवढं म्हणायला. हे मला अर्धवट वाचन वाटतं. त्या चिनी शिक्षकांचं स्वतःचं शिक्षण किती? बहुतेकांची शाळा नऊ वर्षांची, वर दोन-तीन वर्षांचं अध्यापक प्रशिक्षण. पदवीच्या हिशेबात अमेरिकी शिक्षकच पुढे. मग ही समज आली कुठून? नोकरीत असताना आली. पाठ्यपुस्तकाचं एकेक पान घेऊन शाळेतल्या सहकाऱ्यांशी वाद घालण्यातून, मुलांच्या तिरपागड्या उत्तरांवर डोकं लावण्यातून. माझ्या मते पुस्तकाचा खरा ऐवज हा आहे. उणीवही सांगतो: सगळी मांडणी मुलाखतींवर उभी आहे. तोच शिक्षक भरलेल्या वर्गात काय करतो, हे त्यातून कळत नाही.

आणि अडतं ते तिथेच. एका प्रशिक्षणात मी मागच्या बाकावर होतो. एका बाईंनी विचारलं, "सर, पावणेदोन लिटर दूध, अर्ध्या लिटरच्या पिशव्या. एक मुलगा म्हणतो, उत्तर तीन आणि पाव. त्याला काय सांगू?" तज्ज्ञ म्हणाले, "छेद-अंश उलटा करून गुणायला सांगा," आणि पुढची स्लाईड आली.

अहो, तो मुलगा चुकलेलाच नाही! तीन पिशव्या भरून पाव लिटर दूध उरतंच की. फक्त उरलेलं त्यानं लिटरमध्ये मोजलं, आणि प्रश्न पिशव्यांचा होता. पाव लिटर म्हणजे अर्धी पिशवी. अपूर्णांकाच्या भागाकाराचं सगळं मर्म त्या एका चुकीत होतं, आणि ते हाताशी आलेलं सोडून आपण स्लाईड बदलली.

केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरतेच. परिपत्रकं वाचून झाली की उरलेल्या तासात एवढं एकच उदाहरण घ्या. तज्ज्ञ नसला तरी चालेल, त्या मुलाची वही मात्र हवी.

आता प्रश्न घेऊ.