पहिल्या नंबरचं स्थळ

एप्रिल महिना आला की आमच्या घरात दोन गोष्टी हमखास घडतात. भारतातून येणाऱ्या कोणाला तरी सौ. कुरडया आणायला सांगते, आणि मी वधुपिता होतो.

गैरसमज नको. आम्हाला मुलगी नाही. एक मुलगा आहे, आणि त्याने आपलं लग्न आपण जमवून आम्हाला फक्त तारीख कळवली. मी वधुपिता होतो तो ‘क्लीव्हलंड ब्राउन्स’ या फुटबॉल संघाचा. जावई शोधायचा असतो तो क्वार्टरबॅक. १९८४ साली मी डोंबिवलीहून क्लीव्हलंडला आलो, पहिल्याच हिवाळ्यात ईरी सरोवरावरचा वारा कानात शिरला, आणि त्याबरोबर हा संघही शिरला. वारा वसंतात निघून जातो. संघ अजून आत आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. अमेरिकेतला फुटबॉल मुख्यतः हाताने खेळतात. चेंडू गोल नसतो. क्वार्टरबॅक म्हणजे या लग्नघरातला एकटा कर्ता पुरुष. चेंडू त्याच्या हातात येतो आणि साधारण तीन सेकंदांत त्याने ठरवायचं, की पळणाऱ्या पाच जणांपैकी कोणाला तो फेकायचा. ही तीन सेकंदं त्याला निवांत मिळत नाहीत. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची चार-पाच माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात. त्यांना अडवायला तितक्याच वजनाची पाच माणसं पुढे उभी असतात. ती चांगली असली तर क्वार्टरबॅक हुशार ठरतो. नसली तर तो आडवा होतो, आणि आडव्या माणसाला कोणी हुशार म्हणत नाही.

तर हे स्थळ शोधण्याच्या सोहळ्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. कॉलेजात खेळणारी पोरं रांगेत, आणि ३२ संघ पाळीपाळीने निवडणार. आदल्या वर्षी जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याला पहिला मान. म्हणजे नापास झालेल्याला पहिली पंगत! कल्पना न्यायाची आहे, पण तिच्यात एक गोम आहे. उत्तम मुलगा मिळतो तो ज्या घराचं छप्पर गळतं त्यालाच. शिवाय हा उद्योग पहिल्या दिवसापासूनच विनोदी. १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला, त्यात सर्वांत पहिला निवडला गेलेला जे बर्वँगर हा गृहस्थ व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. मुहूर्तालाच नवरा पळाला, तरी मांडव आजतागायत दरवर्षी पडतोच आहे.

ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला दाखवण्याचा कार्यक्रम होतो. आपल्याकडे मुलीला गायला सांगत, चालून दाखवायला सांगत. इथे बावीस वर्षांच्या घोड्याएवढ्या मुलाला चाळीस यार्ड पळायला लावतात, उड्या मारायला लावतात, आणि मग मोजपट्टी घेऊन त्याच्या हाताचा पंजा मोजतात. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. २०२० साली जो बरो नावाच्या मुलाचा पंजा नऊ इंच भरला, तर तो आखूड म्हणून काय ती चर्चा! कित्येक वर्षं तर बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिमापन चाचणीही घेत. मुलगा सुमारे तीन सेकंदांत काय करतो हे पाहण्यासाठी त्याला बारा मिनिटं बसवून गणितं घालायची, हे तर्कशास्त्र ज्याला सुचलं तो पूर्वजन्मी आमच्या आळीतला लग्न जुळवणारा असला पाहिजे.

इतकं मोजून-मापून निष्पन्न काय होतं, ते पाहा. २००० साली टॉम ब्रेडी या मुलाच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले आणि ब्रेडीचा नंबर लागला १९९वा. पुढे त्याने सात वेळा सुपर बोल जिंकला. त्या सहांपैकी एक, स्पर्गन विन, १८३व्या क्रमांकावर कोणी घेतला असेल? ओळखलंत. अस्मादिकांच्या संघाने.

आमच्या संघाचा जावईशोध हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. मालकाने १९९६ साली संघ उचलून बाल्टिमोरला नेला. तीन वर्षं गाव विधवेसारखं बसलं. १९९९ साली नवा संघ मिळाला, तो जुनं नाव आणि जुने रंग घेऊन, आणि पहिल्या क्रमांकाचा मानही आमचाच. आम्ही केंटकीचा टिम काउच आणला. पुढची यादी ऐका. २००७ साली २२व्या क्रमांकावर ब्रेडी क्विन. २०१२ साली पुन्हा २२व्या क्रमांकावर ब्रँडन वीडन. हा आधी बेसबॉल खेळून आलेला, वय २८, म्हणजे या बाजारात चक्क घोडनवरा. २०१४ साली पुन्हा २२व्याच क्रमांकावर जॉनी मँझिएल. तीनदा एकाच विहिरीत उडी मारणारा माणूस एक तर पोहणारा असतो किंवा क्लीव्हलंडचा. गावात एक जर्सी प्रसिद्ध होती. तिच्यावर काउचचं नाव होतं, आणि क्वार्टरबॅक बदलला की त्याखाली नव्या नावाची पट्टी चिकटायची. १९९९ पासून आमच्याकडून सामन्याची सुरुवात केलेल्या क्वार्टरबॅकांनी आता चाळिशी ओलांडली आहे. इतकी नावं आमच्या चाळीच्या पाटीवरही नव्हती.

हे सगळं मी वर्षानुवर्षं हसत सांगत आलो. आम्ही दुर्दैवी, आम्हाला पोरं पारखता येत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. मंडळी हसत. मीही हसे. पण निवृत्त झाल्यावर माणसाला वेळ मिळतो आणि त्यात तो नको ते हिशेब काढतो. मी हे हिशेब काढले, आणि मला वाटू लागलं, की आमचा दोष पारखण्यात थोडा होता, नांदवण्यात फार.

२०१८ चंच वर्ष घ्या. त्या वर्षी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. आमचा बेकर मेफील्ड पहिला. न्यूयॉर्क जेट्सचा सॅम डार्नोल्ड तिसरा, बफेलोचा जॉश ॲलन सातवा, ॲरिझोनाचा जॉश रोझन दहावा, आणि बाल्टिमोरचा लमार जॅक्सन अगदी शेवटचा, ३२वा. जॅक्सनला तर ‘तू क्वार्टरबॅक होण्यापेक्षा चेंडू झेलणारा हो’ असा सल्ला देणारे विद्वान होते. २०१९ आणि २०२३ साली तो साऱ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२४ साली ॲलन ठरला. पण हा ॲलन पहिल्या वर्षी कसा होता? शंभर चेंडू फेकले तर त्रेपन्नही आपल्या माणसाच्या हातात पडत नसत. बफेलोने काय केलं? त्याला ठेवलं. त्याच्यापुढे भिंत बांधली, झेलणारे आणले, शिकवलं. ॲरिझोनाने रोझनला एका वर्षात नारळ दिला, आणि २०१९ साली पहिल्या क्रमांकावर दुसराच मुलगा आणला. सूनबाईंना पहिल्या संक्रांतीला तिळगूळ नीट जमला नाही, म्हणून माहेरी!

डार्नोल्डलाही जेट्सनी तीन वर्षांत काढलं. तोच २०२४ साली मिनेसोटाकडून चौदा सामने जिंकला. आमच्या मेफील्डने तर २०१७ साली सोळाच्या सोळा सामने हरलेल्या संघाला जानेवारी २०२१ मध्ये बाद फेरीत पिट्सबर्गविरुद्ध जिंकून दिलं. पुढच्या मोसमात बिचारा डावा खांदा दुखावलेल्या अवस्थेत खेळला आणि वाईट खेळला. लगेच २०२२ साली आम्ही त्याला निरोप दिला, आणि दुसऱ्या घरचा क्वार्टरबॅक आणला. तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी त्या घराला दिल्या आणि वर २३ कोटी डॉलर्सची हमी. हुंड्याचा हा विक्रम अजून आमच्या काळजात आहे. मेफील्ड टँपाला जाऊन बाद फेरीचा सामना जिंकला. मुलगा तोच, पंजा तोच. घर बदललं.

आता कोणी म्हणेल, यावर उपाय सोपा आहे: मुलाला दोन-तीन वर्षं बाकावर बसवा, लोणचं मुरू द्या. ॲरन रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फाव्रच्या मागे बसला. पॅट्रिक माहोम्स २०१७ साली जवळजवळ पूर्ण मोसम बसला, आणि मग तीन सुपर बोल. पण मलाही एकेकाळी पटलेलं हे तत्त्व अर्धंच खरं आहे. पेटन मॅनिंगला १९९८ साली पहिल्या दिवसापासून खेळवलं. त्याने २८ चेंडू शत्रूच्या हातात फेकले आणि संघ सोळापैकी तेरा सामने हरला. तरी तो पुढे मॅनिंग झाला. उलट बसवलेली कितीतरी लोणची नुसतीच नासली. तेव्हा बसवा की उभं करा, हा प्रश्न नाही. चूक झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या पोराला आपण घरात घेतो की नाही, हा प्रश्न आहे.

आणि इथे मालक, प्रशिक्षक, पंजा मोजणारे पंडित यांच्यावर टीका करता करता माझी लेखणी अडते.

टिम काउच आला तेव्हा आमचा संघ नवा होता. दुसऱ्यांनी सोडलेली माणसं आणि नवशिकी पोरं. त्या मोसमाचा पहिला सामना आम्ही पिट्सबर्गकडून ४३-० हरलो, आणि दुसऱ्या सामन्यापासून बावीस वर्षांच्या काउचला पुढे केलं. त्या वर्षी तो ५६ वेळा चेंडूसकट आडवा झाला. भिंत नसलेल्या घराचा हा कर्ता पुरुष. तो उठायचा, आणि आम्ही त्याला नावं ठेवायचो. मी त्यात पुढे होतो. पहिल्या नंबरचा मुलगा म्हणजे बोर्डात आलेला मुलगा, त्याने रोज पहिलं यायलाच हवं, हे आमच्या डोंबिवलीकर हाडात मुरलेलं.

२००२ चा ऑक्टोबर. रविवार रात्र. सामना बाल्टिमोरशी, म्हणजे आमचं पळवलेलं घर आमच्यासमोर! आम्ही मागे होतो. काउचला जबर टक्कर बसली, त्याचं डोकं बधिर झालं आणि त्याला बाहेर नेलं. त्या वेळी मैदानावर काही लोकांनी आनंदाने आरडाओरडा केला, कारण आता दुसरा खेळणार होता. ते मैदानावरचे लोक कसे रानटी, यावर पुढे बरंच छापून आलं. आमच्या दिवाणखान्यात कोणी वार्ताहर नव्हता, म्हणून मी वाजवलेल्या टाळ्यांची नोंद कुठे नाही.

नोंद नाही असं म्हणतो, पण तेव्हा बारा वर्षांचा असलेला आमचा मुलगा शेजारी बसला होता. तो एवढंच म्हणाला, “बाबा, त्याला लागलंय.”

सामन्यानंतर काउच वार्ताहरांसमोर रडला. पंचवीस वर्षांचा मुलगा. मी टी.व्ही. बंद केला. त्यानंतरच्या आठवड्यात सौ.ला मुलाच्या दप्तराच्या तळाशी गणिताचा पेपर सापडला, चार घड्या घातलेला. मार्क काही फार वाईट नव्हते. त्या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. उत्तर नको असलं की माणूस प्रश्न विचारत नाही.

त्याच मोसमाच्या शेवटच्या सामन्यात काउचचा पाय मोडला. तो सामना आम्ही जिंकलो आणि बाद फेरीत गेलो, काउचशिवाय. २००३ नंतर तो लीगचा एकही सामना खेळला नाही. तिथून पुढे अठरा वर्षं आम्ही बाद फेरीचं तोंड पाहिलं नाही. मी शकुन-अपशकुन मानत नाही. पण हिशेब मानतो.

परवा मुलाचा फोन आला. त्याचा मुलगा आता शाळेच्या संघात क्वार्टरबॅक व्हायचं म्हणतोय. “बाबा, पहिल्याच सामन्यात पोराने तीन चेंडू दुसऱ्यांच्या हातात दिले. तुम्ही येणार आहात का पुढच्या शनिवारी?” आवाजात जरा काळजी होती. ती नातवाच्या खेळाची होती की आजोबांच्या येण्याची, ते कळलं नाही. मी म्हटलं, “येतो की!”

फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, “जा, पण तिथे ओरडू नका हं.”

“मी पेटन मॅनिंगची गोष्ट सांगेन त्याला. अठ्ठावीस चेंडू…”

“काही सांगू नका. त्यापेक्षा आपली सांगा. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा चहाची बशी माझ्या काकांच्या धोतरावर सांडलीत. नंतर लग्नात मंगळसूत्र उलटं धरलंत. पहिल्या दिवाळसणाला घराचा पत्ता चुकून शेजारच्यांकडे जेवायला बसलात. माझे वडील तेव्हा काय म्हणाले, ठाऊक आहे?”

“काय?”

“म्हणाले, असू दे, पोरगा नवा आहे.”