आदर्श समाजाच्या कल्पनेतील धर्म : थॉमस मोअर आणि महात्मा फुले

प्रस्तावना

आदर्श समाजाचे चित्र रेखाटणाऱ्या लेखकाला धर्माचे काय करावयाचे, हा प्रश्न टाळता येत नाही. धर्म वगळल्यास समाजाला नैतिक आधार कोणता, एकच धर्म ठेवल्यास सक्तीचे काय आणि अनेक धर्म ठेवल्यास कलहाचे काय, असे तीन पेच त्याच्यासमोर उभे राहतात. थॉमस मोअर यांचा 'युटोपिया' (१५१६) आणि महात्मा जोतीराव फुले यांचे मरणोत्तर प्रसिद्ध झालेले 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' (१८९१) या दोन्ही ग्रंथांत अनेक धर्मांचा पर्याय स्वीकारलेला आहे. मात्र हे धर्म नांदणार कोठे, याचे उत्तर दोघे वेगवेगळे देतात. मोअर यांच्या कल्पनेचा घटक बेट आहे, तर फुले यांच्या कल्पनेचा घटक घर आहे. या भेदाचे परिणाम तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मोअर यांचे बेट

युटोपिया बेटावर कोणी सूर्याची, कोणी चंद्राची, तर कोणी पूर्वकाळच्या थोर पुरुषाची उपासना करतो. बहुसंख्य लोक एका अज्ञेय परमतत्त्वाला मानतात. राजा युटोपस याने हे बेट जिंकले तेव्हा तेथील पंथ आपापसांत भांडत होते आणि त्यामुळेच त्याला विजय सोपा गेला. म्हणून प्रत्येकाने आपल्या इच्छेप्रमाणे धर्म पाळावा, दुसऱ्याचे मत शांतपणे व युक्तिवादाने वळवावे, असा नियम त्याने केला. नव्याने ख्रिस्ती झालेला एक बेटवासी इतर धर्मांची उघड निंदा करू लागतो, तेव्हा त्याला हद्दपारीची शिक्षा होते. त्याचा धर्म हा गुन्हा नसून लोकांत क्षोभ माजविणे हा गुन्हा आहे, असे तेथे स्पष्ट केलेले आहे. युरोपातील धर्मसुधारणेच्या संघर्षाला तोंड फुटण्यापूर्वी, १५१६ साली हा विचार मांडला गेला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या सहिष्णुतेला मर्यादाही आहेत. आत्म्याचे अमरत्व व ईश्वरी न्याय नाकारणाऱ्यास शिक्षा होत नाही. पण त्याला कोणतेही अधिकारपद मिळत नाही आणि सामान्यजनांसमोर आपले मत मांडता येत नाही. याहून अधिक सूचक आहे ती घरातील व्यवस्था. सर्व पंथांना मान्य होईल अशी सामुदायिक उपासना मंदिरात होते. पंथाचे खास विधी मात्र घरी करावयाचे असतात. महिन्याच्या व वर्षाच्या अखेरच्या सणादिवशी मंदिरात जाण्यापूर्वी पत्नी पतीसमोर आणि मुले आईवडिलांसमोर गुडघे टेकून आपल्या चुकांची कबुली देतात व क्षमा मागतात. पती मात्र कोणासमोर कबुली देतो, हे मोअर सांगत नाहीत. घराच्या आत पत्नीचा किंवा मुलीचा धर्म वेगळा असू शकेल, ही शक्यता या चित्रात विचारात घेतलेली दिसत नाही. सहिष्णुता बेटावर आहे, घराच्या उंबरठ्यावर ती थांबते.

येथे मोअर यांच्या चरित्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. ते १५२९ ते १५३२ या काळात इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर होते. त्या काळात धर्मसुधारणावाद्यांना जाळण्याच्या शिक्षा झाल्या आणि मोअर यांनी त्या कठोरपणाचे समर्थन केले. पुढे राजाचे धर्मसत्तेवरील प्रभुत्व मान्य न केल्यामुळे १५३५ साली त्यांचाच शिरच्छेद झाला. धर्मस्वातंत्र्य हे राजाच्या शहाणपणावर अवलंबून ठेवले, तर राजा बदलताच ते कसे नाहीसे होते, याचे हे उदाहरण होय.

फुले यांचे घर

१८८८ साली पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यानंतर डाव्या हाताने लिहून फुले यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. प्रश्नोत्तररूपाने लिहिलेल्या या ग्रंथात एका कुटुंबाचे चित्र येते. घरातील स्त्रीने बौद्ध ग्रंथ वाचून पटल्यास तो धर्म स्वीकारावा, तिच्या पतीने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे आणि मुलाने सार्वजनिक सत्यधर्म स्वीकारावा. तरीही सर्वांनी परस्परांचा द्वेष न करता, आपण एकाच निर्मिकाची लेकरे आहोत असे समजून प्रेमाने एकत्र राहावे, असा त्याचा आशय आहे.

या चित्रातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, धर्म येथे जन्माने मिळत नाही. तो वाचनानंतरच्या निर्णयाने मिळतो. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या फुले यांच्या दृष्टीने साक्षरता ही धर्मस्वातंत्र्याची पूर्वअट आहे. दुसरी, निर्णयाचा हक्क पत्नीला व मुलीला पुरुषांच्या बरोबरीने दिलेला आहे. तिसरी, स्वतः स्थापिलेल्या धर्माला ग्रंथकार चार जागांपैकी एकच जागा देतो. धर्मसंस्थापकांच्या लेखनात असा संयम क्वचितच आढळतो.

गेल ऑम्व्हेट यांनी 'सीकिंग बेगमपुरा' (२००८) या ग्रंथात संत रविदासांच्या बेगमपुऱ्यापासून फुले-आंबेडकरांपर्यंतची जातिविरोधी स्वप्नांची परंपरा एका सूत्रात मांडली आहे. ही मांडणी मोलाची असली, तरी रविदासांचे स्वप्न हे नगराचे आहे. फुले यांनी नगराऐवजी घर निवडले, हा बदल वेगळा नोंदविणे आवश्यक आहे. जातीचे खरे रक्षण सोयरिकीत आणि स्वयंपाकघरात होते, याची जाणीव या निवडीमागे असावी.

कल्पनेची कसोटी

फुले यांची ही कल्पना निव्वळ सैद्धांतिक नव्हती. पंडिता रमाबाई १८८३ साली ख्रिस्ती झाल्या, तेव्हा 'सत्सार' (१८८५) मधून फुले यांनी त्यांची बाजू घेतली होती. परंतु रमाबाई त्या वेळी विधवा होत्या. दोन धर्मांच्या सहजीवनाचा प्रश्न तेथे नव्हता. तो प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला तो टिळकांच्या घरात. १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे आपले आचार सांभाळून त्या पतीजवळ राहू लागल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. हा निर्णय त्यांनी स्वतःच्या विचाराने घेतला, असे 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवते. दोन धर्मांचे घर काही काळ का होईना उभे राहू शकते, हे त्यातून दिसते. त्याचबरोबर पाणी, अन्न आणि सोवळे यांचे प्रश्न केवळ प्रेमाच्या उपदेशाने सुटत नाहीत, हेही दिसते.

कायद्याची स्थितीही विचारात घेण्याजोगी आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नुसार जोडीदाराने धर्मांतर करून हिंदू न राहणे हे घटस्फोटाचे कारण ठरते. या कायद्याच्या कक्षेत बौद्धांचा समावेश असल्याने फुले यांच्या घरातील पत्नीचे बौद्ध होणे त्यात बसत नाही. पतीचे ख्रिस्ती होणे मात्र बसते. म्हणजे व्यक्तीला धर्म निवडण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने दिला. परंतु त्या निवडीनंतर घर टिकलेच पाहिजे, असे कायदा मानत नाही. या मुद्द्यावर फुले कायद्याच्याही पुढे आहेत.

मर्यादा

फुले यांच्या चित्रातही उणिवा आहेत. त्या घरात परंपरेने मिळालेला धर्म पाळणारा कोणीही नाही. वेदादी ग्रंथ शूद्रातिशूद्रांच्या व स्त्रियांच्या दास्याचे मूळ आहेत, या त्यांच्या भूमिकेशी हे सुसंगत आहे. तथापि त्यामुळे हे स्वातंत्र्य जुना धर्म सोडण्याचे ठरते, राखण्याचे नव्हे. निर्मिकच न मानणाऱ्या व्यक्तीलाही या घरात जागा दाखविलेली नाही. या बाबतीत बेट आणि घर एकमेकांच्या जवळ येतात. शिवाय, मुसलमान झालेल्या मुलीचा विवाह कोणत्या विधीने व्हावा, हा प्रश्न या चित्रात अनुत्तरित राहतो.

समारोप

मोअर यांनी धर्मांमधील शांततेचा विचार राज्याच्या बाजूने केला, तर फुले यांनी तो घरातील व्यक्तीच्या बाजूने केला. पहिल्या विचारात राजाचा नियम पुरेसा ठरतो. दुसऱ्यात घरातील वडीलधाऱ्या पुरुषाला आपला अधिकार सोडावा लागतो. म्हणूनच दुसरी कल्पना आकाराने लहान असली तरी साधण्यास अधिक कठीण आहे. धर्मसहिष्णुतेची चर्चा बहुधा समाज आणि राज्य यांच्या पातळीवर होते. फुले यांचा ग्रंथ ती चर्चा मुलीच्या हातातील पुस्तकापर्यंत आणतो. तेथे तिला मिळणारे उत्तर, हीच त्या समाजाच्या सहिष्णुतेची खरी परीक्षा होय.