पेड्सक्यूएल वापरताय? आधी शाळेचे पाच प्रश्न बघा

दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या मानसिक आधारावर संशोधन करायचं ठरवलंत, की गाईड बहुधा एक प्रश्नावली सुचवतील: पेड्सक्यूएल ४.०. जेम्स वार्नी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही आवृत्ती चांगली आहे, हे आधी मान्य करू. २३ प्रश्न, थोड्या वेळाचं काम. पाच वर्षांपुढच्या मुलाला ती थेट विचारते. पालकांचा फॉर्म वेगळा. आई म्हणते "रात्री दचकतो", मुलगा म्हणतो "मला काही नाही होत". ही तफावत त्यामुळे सापडते.

आता ती भिवंडीत नेऊन बघा. यंत्रमागाच्या या गावात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी घरं आहेत. मूळ इंग्रजीत एक ब्लॉक चालण्याबद्दल प्रश्न आहे. आपल्याकडे ब्लॉक म्हणजे फ्लॅट! पण असल्या अडचणी चांगल्या भाषांतराने सुटतात. खरी अडचण गुण देण्याच्या पद्धतीत आहे.

प्रत्येक उत्तराला ० ते १०० गुण. जास्त गुण म्हणजे अवस्था बरी. २३ पैकी पाच प्रश्न शाळेचे: वर्गात लक्ष लागतं का, दवाखान्यामुळे शाळा बुडते का, वगैरे. काही उत्तरं नसतील तर उरलेल्यांची सरासरी काढायची. निम्मी उत्तरं असली की चालतं.

थॅलेसेमिया असलेली दोन मुलं कल्पना करा. दोघांनाही दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. शाळा सोडून बाकीच्या १८ प्रश्नांत दोघांची सरासरी ५०. पहिल्याची शाळा सारखी बुडते, पण तो जातो. शाळेच्या प्रश्नांत त्याला सरासरी २५. एकूण ४४.६. दुसऱ्याचा बाप बारा तासांच्या पाळीत, आई दवाखान्याच्या फेऱ्यांत. शेवटी मुलाची शाळाच सुटली. त्याचे पाच प्रश्न रिकामे. एकूण ५०.

म्हणजे शाळा सुटलेला मुलगा कागदावर जास्त बरा! कमी गुणवाल्यांना आधी समुपदेशन द्यायचं ठरलं, तर तो रांगेत मागे जाणार.

गडबड कुठे झाली? उरलेल्यांची सरासरी तेव्हाच चालते, जेव्हा उत्तर योगायोगाने राहिलेलं असतं. इथे ते आजारामुळे राहिलंय. एक्सेलमध्ये मात्र दोन्ही रकाने सारखेच रिकामे दिसतात.

म्हणून नुसत्या एकूण गुणांवर विसंबू नका. चारही विभागांचे गुण वेगळे द्या, शाळाबाह्य मुलांचा तक्ता वेगळा करा. आणि फॉर्ममध्ये एक ओळ वाढवा: मूल शाळेत जातं का? नसेल तर कधीपासून, आणि घरात काय घडलं म्हणून? ही ओळ एथिक्स कमिटीकडे जाणाऱ्या पहिल्याच मसुद्यात घाला. नंतर घालायची तर परत मंजुरी घ्यावी लागते, आणि तोवर निम्म्या घरांत जाऊन आलेले असता.