नादाची जात घडविणारे हात : गिटार-पेडलचे आद्य निर्माते आणि मिरजेची जवारी

प्रस्तावना

संगीताच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत नादाची तीन लक्षणे सांगितली जातात : लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जात. पहिल्या लक्षणाने नादाची तीव्रता कळते, दुसऱ्याने त्याचे स्वरस्थान कळते आणि तिसऱ्याने तो नाद सनईचा, सारंगीचा की मनुष्यकंठाचा हे ओळखता येते. परीक्षेपुरती ही तीन लक्षणे समान मानली जातात. संगीतसमीक्षेत मात्र ती समान राहत नाहीत. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात घराण्यांची मीमांसा स्वर आणि लय या दोन तत्त्वांच्या परस्परसंबंधावर उभी आहे. गायकाच्या आवाजाच्या लगावाविषयीही मराठीत पुष्कळ लिहिले गेले. परंतु वाद्याच्या नादाची जात कोणी घडविली, कशी घडविली आणि त्या घडणीचा संगीताच्या अर्थाशी कोणता संबंध आहे, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत क्वचितच आला. तो कारागिरीचा विषय मानून बाजूस ठेवला गेला.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन भिन्न परंपरांच्या आधारे केला आहे. पहिली परंपरा पाश्चात्य रॉक संगीतातील इलेक्ट्रिक गिटारच्या ‘पेडल’ची, म्हणजे गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये जोडलेल्या व पायाने चालविल्या जाणाऱ्या नादपरिवर्तक पेटीची आहे. दुसरी परंपरा मिरजेच्या तंतुवाद्यांवरील जवारीची आहे. नादाची जात घडविणारा कारागीर हा संगीतकृतीचा सहकर्ता असतो आणि त्याला वगळून केलेली समीक्षा अपुरी राहते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

बिघाडातून जन्मलेला नाद

इलेक्ट्रिक गिटारचा नाद स्वतंत्र उपकरणाने बदलण्याचे प्रयत्न १९४० च्या दशकातच सुरू झाले होते. अमेरिकेतील हॅरी डीआर्मंड यांच्या ‘ट्रेमोलो’ उपकरणात विद्युत्वाहक द्रव भरलेली कुपी एका लहान मोटरीने हलविली जाई आणि त्या हालचालीबरोबर नाद कमीअधिक होई. परंतु रॉक संगीताचे स्वरूप पालटून टाकणारा नाद योजनेतून आला नाही. तो बिघाडातून आला. नॅशव्हिल येथील ध्वनिमुद्रणगृहात गायक मार्टी रॉबिन्स यांचे ‘डोन्ट वरी’ हे गीत मुद्रित होत असताना ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा आवाज ज्या मार्गाने जात होता, तेथील यंत्रणा बिघडली आणि स्वर फाटल्यासारखा, घोगरा उमटला. तो तसाच ठेवण्यात आला व १९६१ मध्ये ते गीत लोकप्रिय झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी हाच बिघाड हुकमी मिळावा म्हणून सहकारी रेव्हिस हॉब्स यांच्यासह ट्रान्झिस्टरचे मंडल रचले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले.

या पेटीचे कार्य थोडक्यात असे सांगता येईल. तारेच्या कंपनातून निर्माण झालेली विद्युत्लहर मंडलाच्या क्षमतेपलीकडे वाढविली जाते. तेव्हा लहरीची शिखरे कापली जातात आणि या छाटणीमुळे मूळ स्वराबरोबर अनेक नवे उपस्वर निर्माण होतात. शिवाय नादाचा आरंभ आणि शेवट यांतील तफावत कमी झाल्याने एरवी लगेच विरणारा गिटारचा स्वर लांबतो. आघाताचे वाद्य जणू श्वासाचे वाद्य बनते. मेस्ट्रोच्या जाहिरातीत गिटारमधून पितळी सुषिरवाद्यांसारखे आवाज काढता येतील असे आश्वासन होते, ते यामुळेच.

तथापि हे आश्वासन ग्राहकांना फारसे भावले नाही. १९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात कीथ रिचर्ड्स यांनी ही पेटी वापरली आणि चित्र पालटले. रिचर्ड्स यांच्या मते तो केवळ कच्चा आराखडा होता. ती धून पुढे सुषिरवाद्यांवर वाजवावी अशी त्यांची कल्पना होती. परंतु आराखडाच अंतिम ठरला आणि शिल्लक माल त्या वर्षअखेरपर्यंत संपला. निर्मात्याने अनुकरणासाठी रचलेल्या यंत्राला वादकाने स्वतंत्र नादाचा दर्जा मिळवून दिला.

यानंतरच्या थोड्याच वर्षांत अनेक निर्माते पुढे आले. लंडनमध्ये गॅरी हर्स्ट यांनी १९६५ मध्ये ‘टोन बेंडर’ रचला. कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट यांनी १९६६ मध्ये ऑर्गनच्या आवाजनियंत्रक पायपट्टीत नवे मंडल बसविले आणि तोंड उघडमीट केल्यासारखा ‘वा-वा’ नाद मिळविला. ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात काम केलेल्या रॉजर मेयर यांनी मूळ स्वराबरोबर वरच्या सप्तकातील स्वर उमटविणारे ‘ऑक्टेव्हिया’ बनविले. जिमी हेंड्रिक्स यांच्या ‘पर्पल हेझ’ (१९६७) मधील एकलवादनात ते ऐकू येते. जपानमधील फुमिओ मिएदा यांनी रचलेले ‘युनि-व्हाइब’ हेंड्रिक्स यांनी १९६९ मध्ये वुडस्टॉक येथे वापरले. न्यूयॉर्कमध्ये माइक मॅथ्यूज यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या ‘इलेक्ट्रो-हार्मोनिक्स’मधून बेल प्रयोगशाळेतील बॉब मायर यांच्या साहाय्याने ‘बिग मफ’ आले.

या नामावळीतील निर्माते प्रामुख्याने वादक म्हणून ओळखले जात नाहीत. ध्वनिमुद्रक, अभियंते, दुरुस्तीकार अशी ही माणसे आहेत. ‘वा-वा’ पेडलचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. त्याच्या आरंभीच्या आवृत्तीला क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवादकाचे नाव देण्यात आले. रचनाकार प्लंकेट यांचे नाव १९७० मध्ये मंजूर झालेल्या एकस्वाच्या कागदांत राहिले. वादकाचे नाव पेटीवर आणि निर्मात्याचे नाव दप्तरात, ही विभागणी व्यापाराने केली. समीक्षेने ती निमूटपणे स्वीकारली.

सतार, फझ आणि जवारी

या पेडलच्या इतिहासात एक प्रसंग भारतीय अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. १९६५ मध्ये ‘यार्डबर्ड्स’ या इंग्रजी वाद्यवृंदाने ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गीतासाठी एका सतारवादकास ध्वनिमुद्रणगृहात पाचारण केले. परंतु सतारीचा नाद त्या वाद्यमेळात पुरेसा उठावदार ठरेना. अखेरीस जेफ बेक यांनी तीच धून ‘टोन बेंडर’ जोडलेल्या गिटारवर वाजविली आणि तीच प्रसिद्ध झाली. त्या गीताच्या कथनात बेक यांचे नाव येते. सतारवादकाचा उल्लेख बहुधा ‘एक भारतीय वादक’ एवढाच असतो. दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत व्हिन्सेंट बेल यांच्या रचनेची ‘कोरल’ विद्युत्सतार आली. तिच्यात गिटारची घोडी रुंद व सपाट करून तारेचा झणत्कार मिळविण्याचा प्रयत्न होता. एकाने विद्युन्मंडलातून आणि दुसऱ्याने घोडीतून ज्याचा शोध घेतला, त्या गुणाला भारतीय वाद्यपरंपरेत पूर्वीपासून नाव आहे. ते म्हणजे जवारी.

तानपुऱ्याची वा सतारीची तार एखाद्या धारेवर टेकलेली नसते. ती रुंद, किंचित गोलाई दिलेल्या घोडीवर निसटती टेकते आणि कंप पावताना त्या पृष्ठभागाला वारंवार स्पर्श करते. तानपुऱ्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून हा स्पर्श नेमक्या जागी आणला जातो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य दाखवून दिले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचे निष्पंद स्थान येते, ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत. तानपुऱ्यात मात्र ते स्पष्टपणे उमटतात. फझ-पेटी आणि जवारी यांची साधने सर्वस्वी भिन्न आहेत, पण तत्त्वात साम्य आहे. दोहोंतही तारेच्या साध्या कंपनात हेतुपुरस्सर अडथळा आणून उपस्वरांची समृद्धी साधली जाते.

या साम्याचा परिणाम संगीताच्या रचनेवरही दिसतो. फझमधून एकाच वेळी दोन-तीन स्वर वाजविले, तर त्यांच्या परस्परक्रियेतून नवे ध्वनी उद्भवतात आणि नाद गढूळ होतो. षड्ज-पंचमाची जोडी मात्र स्वच्छ राहते. कठोर रॉक संगीताची पुष्कळशी इमारत या जोडीवर उभी राहिली, त्याचे एक कारण येथे आहे. तानपुराही बहुधा षड्ज-पंचमातच मिळविला जातो आणि उत्तम जवारीच्या तानपुऱ्यातून कोणी न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो. म्हणजे नादाची जात हा रचनेवर मागाहून चढविलेला अलंकार नसतो. कोणते स्वर एकत्र नांदतील हे ती ठरविते.

मिरजेचे कारागीर

महाराष्ट्रात या विद्येचे केंद्र मिरज आहे. पटवर्धनांच्या संस्थानात शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरल्यावर तंतुवाद्यांकडे मोर्चा वळविला, असे तेथील परंपरा सांगते. पुढे सतारमेकर हेच अनेक घराण्यांचे आडनाव झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) मिरजेत स्थायिक झाल्याने गायक आणि कारागीर यांचे सान्निध्य घडले. या वाद्यांशी सोलापूर जिल्ह्याचाही जवळचा संबंध आहे. तानपुऱ्याचा भोपळा मुख्यत्वे मंगळवेढा-पंढरपूर परिसरातून मिरजेस जातो. ज्वारीसाठी नावाजलेल्या या भूमीत पिकलेल्या भोपळ्यातून अवघ्या देशातील मैफलींचा षड्ज घुमतो, याची जाणीव अक्कलकोट-सोलापूरच्या रसिकांनाही अभावानेच असते.

जवारी काढणे हे या कामातील सर्वांत कठीण अंग होय. कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानशीने किंचित घासतो, तार चढवितो, ऐकतो, पुन्हा उतरवितो. खुली जवारी हवी की बंद, हे गायकाचा कंठ आणि त्याची पट्टी यांवरून ठरते. वापराने तारेची घळ पडते आणि जवारी पुन्हा काढावी लागते. यात मोजमापाचे कोष्टक नाही. प्रमाण कानाचे आहे. येथे दोन परंपरांतील निर्णायक भेद दिसतो. पेडलचे मंडल कागदावर उतरविता येते. हर्स्ट यांनी मेस्ट्रोच्या मंडलाचा आधार घेऊनच ‘टोन बेंडर’ सिद्ध केला आणि आज त्या जुन्या मंडलांच्या प्रतिकृती जगभर बनतात. निर्माता विस्मृतीत गेला तरी त्याची रचना टिकते. जवारीचे ज्ञान मात्र कारागिराच्या कानात आणि बोटांत राहते. माणूस गेला की त्याबरोबर तेही जाते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनविला आणि आता तर मोबाइलमध्येच तानपुरा उपलब्ध आहे. एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचा मोठा आधार आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या नादाचे हे अनुकरण आहे, तो घडविणारा हात दुर्मीळ होत जाणे ही चिंतेची बाब आहे. मिरजेच्या सतार व तानपुऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने गावाचे नाव सुरक्षित झाले. कारागिराच्या निर्णयशक्तीची नोंद करणे हे मात्र मानांकनाचे काम नाही. ते अभ्यासकाचे काम आहे.

एक आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, साधन कितीही उत्तम असले तरी संगीत वादकच निर्माण करतो. अन्यथा लेखणी बनविणाऱ्यासही कवीच्या पंक्तीत बसवावे लागेल. मेस्ट्रोचा इतिहास वरकरणी या आक्षेपास पुष्टी देतो, कारण निर्मात्याला अभिप्रेत नसलेला उपयोग वादकानेच शोधला. परंतु लेखणी बदलल्याने कवितेतील शब्द बदलत नाहीत. जवारी बदलली की तानपुऱ्यातील ऐकू येणारे स्वरच बदलतात. ‘पर्पल हेझ’मधील वरच्या सप्तकाचा स्वर हेंड्रिक्स यांच्या बोटांखाली नव्हता, तो मेयर यांच्या मंडलातून आला. वादकाचे श्रेय त्यामुळे उणावत नाही. संगीतकृतीचे कर्तृत्व वाटले गेलेले असते, इतकेच यातून सिद्ध होते.

निष्कर्ष

पेडलचे आद्य निर्माते आणि मिरजेचे कारागीर यांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध आला नाही. तरीही नादाच्या जातीवर संस्कार करून संगीताला नवा अर्थ देण्याचे कार्य दोघांनीही केले आणि दोघेही समीक्षेच्या परिघाबाहेर राहिले. पाश्चात्य जगात पुढे संग्राहक आणि इतिहासकार यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली, कारण त्यांच्या हाती मंडलांचे आराखडे आणि एकस्वाचे कागद होते. मिरजेच्या बाबतीत असे दप्तर नाही. म्हणून कारागीर हयात असतानाच त्यांच्याशी संवाद साधणे, जवारी काढण्यापूर्वीचा व नंतरचा नाद मुद्रित करणे, घोडीच्या गोलाईचे मापन करणे आणि या कामी संगीत, भौतिकशास्त्र व इतिहास या विभागांनी एकत्र येणे अगत्याचे आहे. सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांना हे कार्य सहज हाती घेण्याजोगे आहे. ते झाल्यास नादाची जात हे लक्षण पाठ्यपुस्तकातील व्याख्येपुरते न राहता मराठी संगीतसमीक्षेचे स्वतंत्र प्रकरण होऊ शकेल आणि त्या प्रकरणात गायक-वादकांच्या नावांबरोबर कानस चालविणाऱ्यांचीही नावे असतील.