गाइड आणि कुळं

खासगी गाडी, खासगी गाइड आणि बिल मेव्हण्याच्या नावावर! स्कॉटलंडचा डोंगराळ भाग बघायला याहून उत्तम सोय नाही. कलोडनच्या माळावर गाइड असा रंगला म्हणता! १७४६ची ती लढाई तासाभरातच आटोपली होती. याने दीड तास लढवली. पण झकास लढवली. न दिसणाऱ्या नेस्सीला अर्धा तास. पुढे मैलोगणती दरी, मेंढ्या रग्गड, माणूस औषधाला नाही. ‘काय ही शांतता!’ गाइड म्हणाला. अहो, मेंढ्यांसाठी जमीनदारांनी माणसं हाकलली म्हणून शांतता! कित्येकदा कुळाच्या प्रमुखानेच कुळं काढली. तिथला कूळकायदा आला १८८६ साली, दऱ्या ओस पडल्यावर. या सगळ्याला गाइडची दोन मिनिटं! एवढी रक्कम आम्ही ‘किरकोळ’मध्ये टाकली असती, तर ऑडिटरने खातेवही डोक्यात घातली असती.